परत आणायचा धडा

४ जानेवारी

अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

इतक्या वर्षांत मी तुम्हाला स्वतः कधी पत्र लिहिलं नाही. लिहायचं ते हीच लिहायची आणि शेवटी माझा नमस्कार घालायची. आता हिला लिहिणं जमत नाही, म्हणून तुमच्या बहिणीऐवजी मी लिहितो आहे. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढे थेट कारखान्यात लेथवर. अक्षर आणि चुका सांभाळून घ्या. फोन करणार होतो, पण लेक म्हणाली मामाला फोनवर ऐकू येत नाही.

हिच्या विसरण्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. पण एक गोष्ट लेकीने सांगितली नसेल. ही आता मला चोर समजते. चष्मा, कंगवा, कपाटाची किल्ली, काहीही सापडलं नाही की ते मी घेतलं. दिवसभर माझ्या हातांवर नजर ठेवून असते. परवा चहा गाळत होतो तर मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मुठीत काय आहे, उघडा." मी उघडली. पातेलं धरायचं फडकं होतं. "दुसरी." दुसरीही उघडली. तरी तिचं समाधान झालं नाही.

लेक म्हणते, "आईला तुमची भीती वाटते, बाबा. जिथे भीती वाटते तिथेच तिला किती दिवस ठेवायचं?" तिने एका संस्थेत हिच्यासाठी जागा बघून ठेवली आहे. संस्था चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण जागा एकटीची आहे. वीस मार्चला तिथल्या मेट्रनबाई आमच्या घरी येणार आणि हिला माझ्यासोबत बघणार. ही निवांत दिसली तर इथेच राहील, धास्तावलेली दिसली तर तिकडे. लग्नाला बावन्न वर्षं झाली आणि आता माझी परीक्षा लागली आहे.

मला एकच सुचलं. लेक लहान होती तेव्हा तुम्ही यायचात आणि जेवण झाल्यावर टेबलावर नाण्याची जादू करायचात. बाकी सगळे हसायचे. ही हसायची नाही, पण तुमच्या हातांवरून नजर हलवायची नाही. इतकं मन लावून बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी तो एखादा खेळ शिकलो तर ही माझ्या हातांकडे भीतीने न बघता गंमत म्हणून बघेल. बघेल ना?

खेळण्यांच्या दुकानात जादूचा डबा मिळतो. त्यात कप, गोळे, काळी छडी आणि दोन तळांची डबी आहे. तो घेऊ का? की नुसती नाणी घेऊ? चुकीची वस्तू घेतली तर वेळ फुकट जाईल, आणि वेळच नाही.

आपला,
दाजी


१९ जानेवारी

दाजी,
नमस्कार. बावन्न वर्षांनी मेहुण्याची आठवण आली, तीही शिकवणीसाठी. गुरुदक्षिणेचं नंतर बघू.

डबा घेऊ नका. दोन तळांची डबी पाहिली की लहान मूलसुद्धा ती उलटी करून बघतं. तुमची ही, म्हणजे आमची चिमी, तर आधी तेच करेल. तिच्या ओळखीची, रोजच्यातली, साधी वस्तू हवी. म्हणजे नाणंच.

नाणं निवडताना चकाकणारं घेऊ नका. नवं नाणं घामाने सटकतं आणि त्याच्यावरचा उजेड लांबून कळतो. जुनं, मोठं, कडेला दाते असलेलं बघा. दाते कातडीला धरून राहतात. दोन नाणी एकमेकांवर आपटली की आवाज होतो, त्याला आमच्यात नाणी बोलली असं म्हणतात, म्हणून सुरुवातीला एकच घ्या. सोबत तीन पाठवली आहेत, चलनातून कधीच गेलेली. एक निवडा आणि मग बदलू नका. हाताला त्याची सवय व्हायला हवी.

आता खेळ. नाणं उजव्या तळव्याच्या खळग्यात ठेवा. एका बाजूने अंगठ्याखालचा मांसल भाग, दुसऱ्या बाजूने करंगळीखालचा. दोन्हींनी ते अगदी हलकं दाबा. बोटं मोकळी राहिली पाहिजेत. असं नाणं धरून घरातली सगळी कामं करा. ते पडेनासं झालं की पुढचं: उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात दिल्यासारखं करायचं, डावी मूठ मिटायची आणि त्या डाव्या मुठीकडे बघायचं. तुम्ही जिकडे बघाल तिकडेच समोरचा बघतो. उजवा हात आपला खाली सोडून द्यायचा. मग डावी मूठ उघडली की ती रिकामी.

आज फक्त घालवायचं. परत कसं आणायचं ते पुढच्या पत्रात. दोन्ही एकदम शिकलं की दोन्ही कच्चं राहतं. दाखवायची घाई करू नका.

चिमी जुनं काही बोलते का? कशाची आठवण काढते?

अण्णा


१० फेब्रुवारी

अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पुढचं पत्र आलं नाही. टपालात गहाळ तर झालं नाही ना? पोस्टात तीनदा जाऊन आलो. तिथला माणूस आता मला लांबून बघूनच मान हलवतो.

तीनांतलं सर्वांत झिजलेलं नाणं निवडलं. व्हर्नियर लावून बघितलं, एकतीस मिलिमीटर. पहिला आठवडा सारखं पडायचं, एकदा चहात पडलं. तळव्यात धरून भाजी चिरली, कपडे वाळत घातले, जिना उतरलो. आता पडत नाही. अडचण दुसरीच आहे. लेथवर चाळीस वर्षं एकच शिकवण होती, जिथे हात तिथे नजर. नजर हटली की बोट गेलं. आमच्या खात्यात दोघांची गेलेली मी पाहिली आहेत. तुम्ही सांगता रिकाम्या हाताकडे बघा, आणि माझी नजर नाणं असलेल्या हाताकडेच जाते. आरशासमोर बसून केलं तेव्हा आरशात मला चोरच दिसला. मग लक्षात आलं, हिला मी वर्षभर असाच दिसत असणार.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. तीस तारखेला माझं चुकलं.

ही सकाळपासून खुशीत होती. खिडकीशी बसून बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत होती. माझ्या नावानेही एकदा हाक मारली. मला मोह झाला. मी समोर बसलो आणि म्हटलं, "एक गंमत बघ." त्या दिवशी नजरही बरोबर वळली. डावी मूठ उघडली, रिकामी. ती त्या रिकाम्या हाताकडे खूप वेळ बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आता परत आण."

परत आणायचं मला कुठे येत होतं? तुमचं पत्र आलंच नव्हतं. मी म्हटलं, "गेलं ते."

"माझं बक्षीस आहे ते. द्या."

मी घाबरून उजवा हात उघडला आणि नाणं तिच्यापुढे धरलं. तिने ते उलटसुलट केलं आणि टेबलावर ठेवून दिलं. "हे नाही. माझं द्या."

तेव्हापासून ती शोधते आहे. कपाटं रिकामी केली, उशीची शिवण उसवली, पिठाचा डबा जमिनीवर ओतला. आणि गेल्या गुरुवारी मी अंघोळीला गेलो असताना कडी काढून बाहेर गेली. दोन तास, अण्णा. मी ओल्या डोक्याने प्रत्येक गल्ली बघितली, पुलाखालीही जाऊन आलो, तिथे काय बघायला गेलो होतो ते लिहवत नाही. शेवटी समोरची शिंपीणबाई तिला हाताला धरून घेऊन आली. शाळेच्या मैदानाच्या जाळीला धरून उभी होती म्हणे, अनवाणी. शिंपीणबाईला म्हणाली, "माझा नंबर आला की सांग."

लेक त्याच दिवशी आली. आईचे पाय धुतले. निघताना दारात म्हणाली, "अजून एकदा असं झालं तर वीस मार्चची वाट बघायची नाही, बाबा."

हे बक्षीस काय आहे? तुम्हाला काही माहीत आहे का? आणि परत आणायचा धडा ताबडतोब पाठवा. अर्धा खेळ शिकवून तुम्ही मला मधेच सोडलंत.

दाजी


१७ फेब्रुवारी

दाजी,
नमस्कार. उशीर झाला, माफ करा. प्रकृती बरी नव्हती.

बक्षिसाचं मनावर घेऊ नका. या आजारात माणूस कशाचाही संबंध कशाशीही लावतो. शाळेत बक्षिसं कोणाला मिळत नाहीत?

आता परत आणण्याबद्दल. डावी मूठ रिकामी दाखवून झाली की थांबायचं नाही. समोरच्याला "गेलं" असं वाटून होईतो नाणं परत यायला हवं. उजवा हात सावकाश तिच्या कानामागे न्या किंवा तिच्याच कपाखाली. जागा तिच्या ओळखीची पाहिजे. तळव्यातलं नाणं अंगठ्याने बोटांच्या टोकाकडे सरकवा आणि तिथून उचलल्यासारखं करा. मग ते तिच्या हातात द्या. तुमच्या हातात ठेवू नका. हा भाग मी आयुष्यभर घाईने उरकत आलो, तुम्ही तसं करू नका.

सोबत माझं जुनं नाणं पाठवतो आहे. साठ वर्षं माझ्या तळव्यात आहे, त्याच्याइतकं हातात बसणारं दुसरं मिळणार नाही. वीस तारखेच्या आधी याच्यावरच खेळ करा. आणि खेळ झाला की ते चिमीकडेच राहू द्या. मला परत नको.

अण्णा


२४ फेब्रुवारी

अण्णांस,
नमस्कार.

परत आणणं जमलं. माझ्याच नाण्यावर केलं, तुमच्या नाही. कानामागून काढलं तेव्हा ही दचकली, पण मग कान चाचपून हसली. लेक आली होती, तिच्यासमोर दुसऱ्यांदा केलं. लेकीनेही कान चाचपला. दोन दिवस घर शांत होतं. इथेच पत्र संपवावं असं वाटत होतं.

पण तुमचं नाणं नाणं नाही.

मी हातात घेतलं आणि वजन खटकलं. पितळ आहे, वरून मुलामा होता तो गेलेला. कडेला दाते आहेत पण एका जागी दोन मिलिमीटरवर नाहीत. तिथे काहीतरी कापून कानस मारलेली आहे. कानस आडवी मारली आहे, शिकाऊ माणसाने मारावी तशी. तिथे कडी होती. नाण्याला कडी नसते.

कारखान्यात झिजलेले नंबर आम्ही एका युक्तीने वाचायचो. पातळ कागद ठेवून त्याच्यावरून शिसपेन्सिल आडवी फिरवायची. तसं केलं. कागद सोबत जोडला आहे, तुम्हीच बघा. वर 'थम' एवढं उमटलं. त्याच्याखाली 'र्यत' आणि अगदी कडेला 'मुली'. बाकीचं तुमच्या तळव्याने पुसलं.

अण्णा, ही माझं बक्षीस माझं बक्षीस करत घरभर फिरते आहे, आणि तुम्ही मला लिहिता की मनावर घेऊ नका.

ते मी हिला दाखवलेलं नाही. माझ्या हत्यारांच्या पेटीत कुलूप लावून ठेवलं आहे. किल्ली मोज्यात असते. ही कालपासून पेटीभोवती घोटाळते आहे. "यात काय आहे?" "पाने आहेत, कानशी आहेत." "उघडा." मी उघडली नाही. वर्षभर ती मला चोर म्हणत होती आणि मी रिकाम्या मुठी उघडून दाखवत होतो. आता पहिल्यांदाच माझ्याकडे उघडता येणार नाही असं काहीतरी आहे.

खरं काय ते लिहा.

दाजी


३ मार्च

दाजी,

ते चिमीचं पदक आहे. शंभर मीटर, मुलींमध्ये पहिली. ती दहा वर्षांची होती, मी चौदा.

घरी पाहुणे होते. मी पुस्तकातून जादू शिकलो होतो आणि घरातलं एकही नाणं माझ्या तळव्यात नीट बसत नव्हतं. तिचं पदक बसलं. तिने हौसेने दिलं, फीत सोडवून दिली. मी ते घालवलं. मूठ उघडली तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "आता परत आण." मला परत आणता येत होतं, दाजी. तुमच्यासारखं पत्राची वाट बघायची गरज नव्हती. पण ते सगळे माझ्याकडे जसे बघत होते तसं माझ्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं. परत आणलं की ते संपणार. मी म्हटलं, "उद्या."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी पदक मागितलं. तिने माझ्याकडे बोट केलं. मी दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामे. तिचेही रिकामेच होते. वडील म्हणाले, ज्या मुलीला बक्षीस सांभाळता येत नाही तिने धावायची गरज नाही. त्या दिवसापासून तिचं मैदान बंद झालं. त्या तासाभरात मी बोलू शकलो असतो. एका दिवसानंतर बोलणं अवघड झालं आणि महिन्यानंतर अशक्य. कडी मी कापली, कानस मीच मारली.

तुमच्या टेबलावर खेळ करायचो तेही त्याच पदकावर. ती हसायची नाही असं तुम्ही लिहिलंत. तिला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं, तरी मी खेळ करायचो. तिने कधी कोणाला काही सांगितलं नाही.

आता एक विनंती आहे. तुमचा हात बसला आहे. तुम्हीच ते तिच्या कानामागून काढा आणि तिच्या हातात द्या. तिला तिचं मिळेल. कुठून आलं ते तिने विचारलंच तर जादू म्हणा. माझं नाव निघायची गरज नाही.

अण्णा


६ मार्च

अण्णांस,

मी हे करणार नाही.

बावन्न वर्षांत मी हिची एक टाचणीसुद्धा घेतलेली नाही. हे पदक माझ्या हातातून निघालं तर तिचं म्हणणं खरं ठरलं. चोर मीच. मग मेट्रनबाई येवोत की न येवोत. ती बऱ्याच गोष्टी विसरते, पण ही गोष्ट ती साठ वर्षं विसरलेली नाही, मग माझ्या हातात बघितलेलं विसरेल असं तुम्हाला कशावरून वाटतं?

तुम्ही घालवलंत, तुम्हीच परत आणायचं. मी फक्त तुमच्याकडून शिकलेला माणूस आहे.

माझ्याने आता राहवत नाही. पेटीवर ही रोज बोटांनी टकटक करते. काल पकड घेऊन कुलूप पिरगाळत होती. मी हातातली पकड सोडवायला गेलो तर ओरडली, शिंपीणबाई खिडकीत आली. वीस तारखेला चौदा दिवस आहेत. त्याआधी या. तुम्हाला एवढं काय अवघड आहे? एक दिवसाचा प्रवास. इतकी वर्षं आला नाहीत ते समजलं, पण आता का नाही?

दाजी


११ मार्च

दाजी,

दोन वर्षांपूर्वी माझी उजवी बाजू गेली. पाय परत आला, हात आला नाही. मूठ मिटली ती मिटलीच. डॉक्टरही दोन्ही हात लावून जेमतेम उघडतात आणि सोडली की पुन्हा मिटते. ही पत्रं मी डाव्या हाताने लिहितो आहे. परत आणायच्या धड्याला नऊ दिवस लागले. तुम्ही पोस्टात फेऱ्या मारत होता तेच ते दिवस. मी कोणालाही कळवलं नाही. हाताची करामत दाखवणाऱ्याचा हातच गेला, हे लोकांनी बोलावं असं मला वाटत नव्हतं.

सतराला दुपारच्या गाडीने येतो. स्टेशनवर येऊ नका, तिला एकटं सोडू नका. चिमीला आधी काही सांगू नका. पदक मला दारातच द्या.

अण्णा


१९ मार्च

दाजी,

सुखरूप पोचलो. मी राहिलो नाही, राग मानू नका. तिच्यासमोर बसून राहणं मला जमलं नसतं.

एकच विचारतो. मी खाली टेबलाकडे बघत होतो, वर बघायचं धाडस झालं नाही. आणि ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मूठ उघडल्यावर ती दोनदा बोलली, तिचा आवाज कळला, शब्द नाही. तुम्ही मागे उभे होतात. काय म्हणाली ते लिहा. कडू असलं तरी तसंच लिहा, गोड करू नका. आणि उद्याचं काय होतं तेही कळवा.

अण्णा


२३ मार्च

अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही वर बघितलं नाहीत, म्हणून मला दिसलं ते सगळं लिहितो.

दारात पदक तुमच्या मुठीत सरकवायला घेतलं. बोटांमधून ते आत जाईना. तुम्ही म्हणालात, "दुखत नाही, ढकला." मग तुम्ही आत जाऊन टेबलाशी बसलात आणि मूठ टेबलावर ठेवलीत. हिने तुमच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिने मूठ बघितली. म्हणाली, "उघड." तुम्ही हलला नाहीत. मी सांगणार होतो की ती उघडत नाही, पण तुम्ही डाव्या हाताने मला गप्प राहायची खूण केलीत.

मग तिने खुर्ची ओढली. आधी करंगळी धरून सरळ केली. सोडली तशी ती पुन्हा मिटली. तेव्हा तिने सरळ केलेली करंगळी आपल्या डाव्या तळव्याखाली दाबून ठेवली आणि दुसऱ्या बोटाला हात घातला. कुठे घाई नाही. अशी चारही बोटं, मग अंगठा. मी मागे उभा राहून पेटीची किल्ली दाबत होतो, ती तळव्यात रुतली हे नंतर कळलं. पदक तुमच्या घामाने कातडीला चिकटलं होतं. तिने ते नखाने सोडवलं. अक्षरं बघितली नाहीत. कडेवरून बोट फिरवलं आणि कानस मारलेल्या जागेवर बोट थांबलं.

मग ती म्हणाली, "किती वेळ लावलास रे."

आवाजात राग नव्हता. बस उशिरा आली की माणूस म्हणतं ना, तसं. तुम्ही खालीच बघत होतात. तिने तुमचं डोकं बघितलं, जरा पुढे वाकली आणि हळूच दुसरं बोलली, "बाबांना सांगू नकोस. ते तुला मारतील."

एवढंच. मी काही गोड केलेलं नाही.

आता वीस तारखेचं. तुम्ही गेल्यापासून तीन दिवस तिने पदक मुठीतून सोडलं नाही. जेवतानाही डाव्या हाताच्या मुठीत. शोधाशोध थांबली, पण मला नवीनच घोर लागला. मेट्रनबाईंनी मूठ उघडायला सांगितली आणि ही बिथरली तर? मी लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं की मुठीचं नाव काढू नका. पण मेट्रनबाईंना कोण सांगणार? तुमच्या खेळाचा मी विचारही केला नाही. त्या दिवशी माझ्याच्याने काही करणं झालं नसतं.

बाई बऱ्या होत्या. खुर्चीत बसल्या, फाईल मांडीवर घेतली, हिला जेवणखाण विचारलं, झोप विचारली. मी चहा ओतला. कप सगळ्यांपुढे ठेवले. आणि त्या म्हणाल्याच, "आजी, मुठीत काय जपून ठेवलंय?"

मला वाटलं, संपलं.

हिने मूठ उघडली. रिकामी. दुसरी उघडली. तीही रिकामी. लेकीने माझ्याकडे बघितलं. माझी नजर आपोआप माझ्या हातांकडे गेली, आणि ती तिथे गेली हे लेकीलाही दिसलं, बाईंनाही. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बोट करेल, आणि तसंच झालं. बाईंनी विचारलं, "मग गेलं कुठे?" हिने हनुवटीने मला दाखवलं.

"त्यांच्याकडे दिलंय," ती म्हणाली. "माझ्याकडून हरवतं."

मी शर्टाचा खिसा चाचपला. पदक तिथे होतं. तिने ते कधी टाकलं, मला अजून कळलेलं नाही. चहा ओतत असताना मागून गेली असेल. माझी नजर हातांवर होती ना.

बाईंनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, सहा महिन्यांनी पुन्हा येऊन बघते, तोवर इथेच असू द्या. लेक उठली. कप उचलून आत गेली आणि नळ मोठा सोडून धूत बसली.

म्हणजे सहा महिने मिळाले. पुढचं मला माहीत नाही, आणि तुम्हाला खोटं सांगत नाही, काळजी कमी झालेली नाही. पेटीला आता कुलूप नाही. अक्षरं पुन्हा कोरता येतील असं मनात आलं होतं, पण तिने विचारलं नाही, म्हणून मी हात लावलेला नाही. पदक खिशातच असतं. शर्ट बदलला की आधी ते काढून दुसऱ्या शर्टात घालतो, आणि ती ते नीट बघून घेते.

तुम्ही पुन्हा या. राहायला या. डाव्या हाताने करायचा एखादा खेळ असेल तर दोघे मिळून शिकू.

आज सकाळी तिने मला विचारलं, "तुम्ही कोण?" हल्ली रोजच विचारते. मी काही सांगायच्या आत ती जवळ आली आणि दोन बोटांनी माझा खिसा दाबून बघितला.

"हां," म्हणाली. "तुम्ही होय."

तुमचा,
दाजी